माझ्या नावे

तात्याची वही लांबट होती, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात गल्ल्यापाशी असते तशी. पहिल्या पानावर वर ‘श्री’ आणि खाली ‘खोली खर्च, जून १९९४ पासून’. अक्षर बारीक आणि उभं. काडेपेटी पन्नास पैशांची आणली तरी ती त्या दिवशीच्या तारखेखाली लिहिली जायची, आणली कुणी आणि पैसे कुणी दिले यासकट. महिन्याच्या शेवटच्या रात्री जेवणं उरकली की तात्या भांडी बाजूला सारून वही जमिनीवर उघडायचा आणि आम्ही तिघं तिच्याभोवती बसायचो.

सदाशिव पेठेत, नागनाथ पाराच्या मागच्या अंगाला, एका जुन्या वाड्याच्या माडीवर आम्ही राहत होतो. खोली एकच, मोरी खोलीतच, नळ खाली चौकात. देगलूरकर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला, जळगावकर कायद्याला, तात्या कॉमर्सला आणि मी मराठी घेऊन बी.ए. करत होतो. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो, मला करमाळा म्हणायचे. तात्या पाटण तालुक्यातला, पण त्याला कुणी कधी पाटणकर म्हटलं नाही. आला त्या दिवसापासून तो तात्याच होता. आमच्यापेक्षा वर्षा-दीड वर्षानंच मोठा असेल.

खोलीचं भाडं आठशे रुपये. गॅसचं कनेक्शन आम्हांला मिळणं शक्य नव्हतं. शिधापत्रिका चौघांचीही गावाकडं, आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांनाही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणून वातीचा स्टोव्ह, आणि रॉकेल जादा पैसे मोजून. सुरुवातीला आमची भांडणं झाली ती बहुतेक याच गोष्टींवरून. जळगावकर शनिवार-रविवार मामाकडं जेवायचा, त्यानं पूर्ण महिन्याचे पैसे का द्यायचे? देगलूरकर रात्री दोनपर्यंत दिवा जाळायचा, त्याचं बिल आम्ही का भरायचं? भांडण पैशाचं असायचं तोवर ठीक होतं. पुढं पुढं ते तुझं घर कसं आणि माझं घर कसं यावर यायला लागलं, तेव्हा तात्यानं वही आणली.

त्याचा नियम एका ओळीचा होता आणि तो त्यानं वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवला होता: भाडं डोक्यावर, जेवण हजेरीवर, दिवा सगळ्यांचा.

हजेरी म्हणजे खाणावळीत असते तीच. दोन्ही वेळच्या जेवणाला प्रत्येकाच्या नावापुढं एक रेघ. जेवायला नसशील तर आधी सांगायचं, मग खाडा धरला जायचा. महिनाअखेरीला धान्य, भाजी, तेल, रॉकेल यांची बेरीज करायची, तिला सगळ्यांच्या मिळून हजेऱ्यांनी भागायचं आणि एका जेवणाचा भाव काढायचा. एका महिन्याचा हिशेब मला आजही तोंडपाठ आहे, त्याचं कारण पुढं येईलच. खर्च ६८० रुपये, हजेऱ्या २००, म्हणजे जेवण ३ रुपये ४० पैसे. महिन्यातून पन्नास जेवणं घेणाऱ्याला १७० रुपये. त्यात भाड्याचे दोनशे आणि दिवाबत्ती, झाडलोट, पेपर मिळून चाळीसेक. चारशे-सव्वाचारशेत पुण्यात एक मुलगा शिकत होता.

दिव्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं होतं. वाड्याला वीज मंडळाचा मीटर एकच, मालकीणबाईंच्या नावावर. आम्हांला आतून सबमीटर. त्या आमच्याकडून युनिटला दोन रुपये घ्यायच्या आणि त्यांच्या बिलावर पहिल्या टप्प्याचा दर त्याहून बराच कमी छापलेला असायचा. जळगावकर कायद्याच्या भाषेत बोलायला लागला होता. तात्या मात्र एका संध्याकाळी खाली गेला, बाईंना म्हणाला, “काकू, दोन महिन्यांचं बिल बघायला मिळेल का?” आणि त्यांच्या ओट्यावर बसून तास-दीड तास आकडेमोड करून आला. विजेचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो. काकूंच्या घरचं एकटं जळतं तेव्हा ते खालच्या टप्प्यांत बसतं, आमचे युनिट त्यावर चढले की वरचा टप्पा सुरू होतो. म्हणजे आमच्यामुळं येणारा प्रत्येक युनिट महागच असतो. काकू लबाडी करत नव्हत्या. मात्र दोन रुपये थोडे जास्त होते, ते त्यांनाही पटलं आणि पावणेदोन ठरले. मी पुढं कित्येक वर्षं भाड्याच्या घरांत राहिलो. वीज मंडळ जाऊन २००५ साली महावितरण आलं. पण माणसावर संशय घेण्याआधी त्याच्या ओट्यावर बसून त्याचं बिल वाचावं, हे मी त्या संध्याकाळी शिकलो.

मग देगलूरकरचा दिवा. त्याला ड्रॉइंगच्या शीट पुऱ्या करायला रात्रच मिळायची. तात्यानं आम्हांला समोर बसवून हिशेब मांडला. साठ वॅटचा बल्ब, रोज चार तास जादा, महिन्याचे एकशे वीस तास, म्हणजे सात पूर्णांक दोन युनिट. पावणेदोन रुपयांनी बारा रुपये साठ पैसे. चौघांत वाटले तर तीन रुपये पंधरा पैसे. मग म्हणाला, “आपल्या खोलीतनं एक इंजिनिअर बाहेर पडणार हाय. माझे तीन रुपये पंधरा पैसे त्यात असूद्यात.” जळगावकर काही बोलला नाही. त्या रात्रीपासून तो तोंडावर पांघरूण घेऊन झोपायला लागला.

पाणी तापवायचा रॉड मात्र तात्यानं सगळ्यांत धरला नाही. दीड हजार वॅटचा रॉड वीस मिनिटं लावला की अर्धा युनिट गेला. ज्यानं लावला त्यानं वहीत रेघ मारायची. अभ्यासाचा दिवा सगळ्यांचा आणि अंघोळीचं ऊन पाणी ज्याचं त्याचं, असा भेद त्यानं केला होता. मला तो तेव्हा विचित्र वाटला होता. आता वाटतं की घर चालवायचं म्हणजे असे भेद कुणीतरी आधी करून ठेवावे लागतात.

हे त्याला आलं कुठून, ते सांगायला हवं. तात्या पाचवीपासून वसतिगृहात वाढला आणि त्याचे वडीलही त्याच्याआधी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीला बसायची. पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, ही गोष्ट तात्याच्या घरी देवाची गोष्ट सांगावी तशी सांगितली जायची. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द त्याला भिंतीवर वाचून माहीत नव्हते. तो पहाटे साडेचारला उठून पेठांमधून वर्तमानपत्रं टाकायचा आणि सातला परत येऊन अंघोळ करून कॉलेजला जायचा. वसतिगृहात कोठीघराची किल्ली दोन वर्षं त्याच्याकडं होती. धान्य मोजून काढायचं, लिहून ठेवायचं, आणि कोण जेवलं, कोण जेवलं नाही हे बघायचं. त्यातलं शेवटचं काम त्यानं आमच्या खोलीतही सोडलं नव्हतं, हे आम्हांला ठाऊक नव्हतं.

खालच्या काकू कधी कधी चौकात बसून सांगायच्या की त्यांच्या सासऱ्यांच्या काळी या वाड्यात वारानं जेवणारी मुलं यायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या अभिमानानं सांगायच्या आणि तो खरा होता. वार लावून जेवलेली कितीतरी मुलं या शहरात मोठी झाली. पण वार मिळायचा तो बहुतेक ब्राह्मण मुलांनाच. बाकीच्यांसाठी भाऊरावांसारख्यांना वसतिगृहं उभी करावी लागली. तात्या ते ऐकून एकदा जिन्यात मला म्हणाला होता, “वारानं जेवणाऱ्या पोराला दुसऱ्यांदा भात मागायचा धीर होत असंल का रं?” मी तेव्हा त्यावर विचार केला नाही.

माझे वडील आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात हंगामी कारकून होते. गळीत हंगाम चालू असेपर्यंत पगार, बंद झाला की थोडासा भत्ता. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला त्यांची पाचशेची मनिऑर्डर यायची. शंभराला पाच रुपये कमिशन, म्हणजे पोस्टाचे पंचवीस त्यांनी वेगळे भरलेले असायचे. मनिऑर्डरच्या फॉर्मखाली मजकुराला सोडलेल्या चार बोटं जागेत ते लिहायचे, ‘पैसे मिळताच कळवणे. प्रकृतीस जपणे.’ १९९५ च्या ऑगस्टमध्ये मनिऑर्डर आली नाही. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. कारखान्यानं मागच्या हंगामाचे पगार थकवले होते आणि भत्ताही थांबला होता. कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं. ‘तू परत येऊ नकोस, काहीतरी होईल,’ असं वडिलांनी शेवटी लिहिलं होतं.

ऑगस्टचे पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणून मी सांगितलं आणि कुणी काही विचारलं नाही. सप्टेंबरमध्ये मी खाडे धरायला सुरुवात केली. संध्याकाळी निघताना म्हणायचं, “आज मित्राकडं जेवण आहे, माझा खाडा.” मग टिळक रोडनं चालत सारसबागेपर्यंत जायचं, तळ्यातल्या गणपतीपाशी बसायचं, देवळातून माणसं प्रसाद हातात घेऊन उतरायची ती बघायची, आणि साडेनऊनंतर, भांडी घासून झाली असतील अशा बेतानं परत यायचं. पोटात पाणी भरलेलं असायचं. एका खाड्याला तीन रुपये चाळीस पैसे वाचत होते. मी ते मनात मोजायचो. आपण कुणावर भार टाकत नाही याचं मला समाधान होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रात्री वही उघडली. तात्यानं बेरजा केल्या, भाव काढला, प्रत्येकाचं नाव वाचलं. माझ्या नावाशी आल्यावर जळगावकर म्हणाला, “तात्या, करमाळ्याचं राहू दे. घरी अडचण आहे त्याच्या. आपण तिघं वाटून घेऊ, लिहूच नकोस.” देगलूरकरनं मान हलवली. दोघंही मनापासून बोलत होते आणि त्यांना माझ्याकडं बघता येत नव्हतं. मी स्टोव्हकडं बघत होतो.

तात्यानं पेन्सिल खाली ठेवली नाही. हजेरीच्या पानावर बोट फिरवत तो मला म्हणाला, “अकरा खाडे. सगळे रातचे. जेवलास कुठं?”

मी मित्राचं नाव सांगितलं.

“त्यो गणपतीत गावाला गेला त्यो अजून आला न्हाई.”

मला त्याचा असा राग आला की उठून निघून जावंसं वाटलं. चौघांच्या खोलीत, दोघांच्या देखत, त्यानं माझी भूक आकड्यात वाचून दाखवली होती. अकरा खाड्यांचे सदतीस रुपये चाळीस पैसे. मी इतके दिवस जे लपवून ठेवलं होतं ते त्याच्या वहीत रोजच्या रोज, माझ्याच सांगण्यावरून, लिहिलं जात होतं.

मग तो जळगावकरकडं वळला. “माफ करायचं न्हाई. आपुन माफ केलं तर ह्यो उद्यापासनं दुसऱ्यांदा भात घेणार न्हाई. परवा पांघरूण घेताना बी इचार करंल. लिहायचं. सगळं त्याच्या नावे लिहायचं.” आणि त्यानं माझ्या पानावर ऑगस्ट आणि सप्टेंबरची रक्कम लिहिली, खाली रेघ मारली, शेजारी ‘येणे’ लिहिलं. मग पुठ्ठा उलटून, नियमाच्या त्या एका ओळीखाली, त्यानं दुसरी ओळ घातली. तिची शाई वेगळी आहे: ज्याच्या नावे बाकी, त्याला खाडा नाही.

“समजलं का?” मला म्हणाला. “बाकी फिटंस्तोवर तुझी दोन्ही टायमाची हजेरी लागणार. जेव न्हाईतर नको जेवू, पैसे लागणारच. मग जेवलेलं काय वाईट?”

त्या रात्री भात उरला होता. मी जेवलो.

या नियमानं काय केलं ते मला त्या वेळी कळलं नाही. इतकंच जाणवलं की दुसऱ्या दिवशी आमटी खारट झाली तेव्हा मी ते बोललो. देगलूरकरनं झाडायची पाळी चुकवली तर त्याच्याशी भांडलो. थंडीत रॉड लावला आणि माझ्या नावापुढं रेघ मारली. या सगळ्याचे पैसे माझ्या नावे पडत होते, आणि पडत होते म्हणूनच मी त्या खोलीत भागीदार होतो. त्यांनी माफ केलं असतं तर मी पाहुणा झालो असतो, आणि पाहुण्यानं पाच महिने कसं राहायचं ते मला ठाऊक नव्हतं. बहुतेक मी ऑक्टोबरमध्येच वळकटी बांधून एसटीत बसलो असतो. बी.ए. राहिलं असतं. पुढं जे जे झालं त्यातलं काहीच झालं नसतं.

पैसे प्रत्यक्षात उभे केले ते तिघांनी. किराणा दुकानदाराकडं तात्यानं पंधरा दिवसांची उधारी ठरवली, आणि तिघांचे हप्ते चारशे दहावरून साडेपाचशेच्या आसपास गेले. ज्यांच्या घरून येणारी मनिऑर्डरही मोजकीच होती, त्यांचे ते पैसे होते. देगलूरकरनं त्या वर्षी नवा ड्रॉइंग बोर्ड घेतला नाही, सीनिअरचा जुना वापरला. यावर तो कधी बोलला नाही.

दिवाळीला आईनं दीडशे रुपये हातात ठेवले. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मला मुद्रितं तपासायचं काम मिळालं, त्याचे डिसेंबरपर्यंत दोनशे साठ झाले. पाच महिन्यांचे दोन हजार पन्नास. त्यातून हे चारशे दहा वजा जाता माझ्या नावे बाकी राहिली एक हजार सहाशे चाळीस. जानेवारीत कारखान्यानं थोडे पैसे दिले आणि मनिऑर्डर पुन्हा सुरू झाली, पण ती चालू महिन्यालाच पुरायची. तात्यानं बाकी तिघांत वाटून लिहिली. जळगावकरचे पाचशे सत्तेचाळीस, देगलूरकरचे पाचशे सत्तेचाळीस, स्वतःचे पाचशे सेहेचाळीस. न भागणारा रुपया त्यानं आपल्याकडं कमी धरला.

जून १९९६ मध्ये खोली सुटली. वाटण्या झाल्या त्यात स्टोव्ह जळगावकरकडं गेला, मोठं पातेलं माझ्याकडं, आणि वही तात्याकडं. बाकी फेडायला मला मार्च १९९८ उजाडलं. छापखान्यातली नोकरी कायम झाली होती, शंभर-दीडशे असे हप्ते पाठवत होतो. जळगावकरनं पहिला हप्ता परत केला. मनिऑर्डर नाकारली की पोस्ट ती उलट पाठवायचं, तशी ती माझ्याकडं आली. मी तात्याला कळवलं. त्यानं जळगावकरला काय लिहिलं ते मला पुष्कळ वर्षांनी जळगावकरनंच सांगितलं. कार्डावर एकच ओळ होती: ‘पैसे घे, नाहीतर त्याला तुझ्याशी पुन्हा कधी मोकळेपणानं भांडता येणार नाही.’ पुढचे सगळे हप्ते त्यानं घेतले. आम्ही आजही भांडतो.

पैशाचं देणं मी फेडलं. तात्याचं जे देणं आहे ते वेगळं आहे आणि ते फेडावं असं मला वाटत नाही. माझ्या ताटाकडं दोन माणसांनी लक्ष ठेवलं, एक आईनं आणि एक त्यानं. आई ताटात वाकून बघायची. तो वहीत बघायचा. हिशेब कोरडा असतो असं लोक म्हणतात तेव्हा मी वाद घालतो. त्या चार रकान्यांच्या वहीत एका मुलाची अकरा रात्रींची उपासमार पकडली गेली, ती तिथं प्रत्येक जेवणाची रेघ खरी होती म्हणून. ज्या घरात सगळं अंदाजपंचे चालतं तिथं ती कुणाला दिसली नसती.

गेल्या मे महिन्यात मी साताऱ्याला तात्याकडं गेलो होतो. जिल्ह्यातल्याच एका कार्यालयात तो लेखा विभागात आहे, दोन-तीन वर्षांत निवृत्त होईल. दुपारी आंब्याच्या रसाचं जेवण झाल्यावर त्यानं कपाटातून वही काढली. कापड विटलं आहे, कोपरे उंदरानं कुरतडले आहेत, पण आकडे स्वच्छ वाचता येतात. सप्टेंबर १९९५ च्या पानावर माझ्या नावापुढं अकरा गोल खुणा आहेत. प्रत्येकीखाली पेन्सिलीनं एक बारीक टिंब दिलेलं आहे, ते फक्त माझ्याच खाड्यांखाली. पहिलं टिंब पाच तारखेचं. म्हणजे महिनाअखेरीला त्याच्या लक्षात आलं असं मी इतकी वर्षं समजत होतो ते खरं नव्हतं. त्याला सुरुवातीपासून संशय होता आणि तो खात्री करत राहिला. मी त्याला विचारलं, मग पंचवीस दिवस थांबलास कशाला?

तो बराच वेळ पानाकडं बघत राहिला. म्हणाला, “चुकलंच माझं. पयल्याच हप्त्यात इचारायला पायजे होतं. मला वाटलं, खरंच जेवत असंल कुठं.” मग त्यानं पान उलटलं. तीस वर्षं हे त्याच्या मनात होतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

निघताना मी ती वही मागितली. माझ्या घरी ती नीट राहील, बांधणी करून घेईन, असं म्हणालो. तात्या नाही म्हणाला. वही त्याची एकट्याची नाही, चौघांची आहे, चौघांची संमती असेल तर नेता येईल, आणि ती लेखी हवी. त्यानं शेवटच्या कोऱ्या पानाएवढा एक कागद काढून त्यावर तसा मजकूर लिहिला, तारीख घातली आणि खाली स्वतःची सही करून तो माझ्या हातात दिला.

माझी सही मी तिथंच केली. देगलूरकरची टपालानं आली आहे. जळगावकर दिवाळीत पुण्याला येणार आहे.